कागद आत जातो, मग प्रिंटर इनपुट का नाही?

इंदूरच्या छप्पन दुकानला जा नाहीतर रामबागेच्या कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीवर जा, दोन वस्तू हमखास दिसतात. एक चौकटीत बसवलेला क्यूआर कोड आणि दुसरा त्याच्या शेजारचा बोलका डबा. आपण मोबाइल समोर धरतो, पिन टाकतो, डबा ओरडतो, 'चालीस रुपये प्राप्त हुए', आणि पोहेवाला आपल्याकडे न बघताच पुढच्या प्लेटवर शेव आणि जिरावन मसाला भुरभुरायला लागतो. या व्यवहारात इनपुट उपकरण कुठलं आणि आउटपुट कुठलं, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, क्यूआर कोड इनपुट आणि डबा आउटपुट. यातलं डब्याचं तेवढं बरोबर आहे.

क्यूआर कोड हे उपकरणच नव्हे. तो छापील कागद आहे. दुकानदाराचा यूपीआयचा पत्ता आणि नाव त्यात काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या भाषेत लिहिलेलं असतं. आपण पैसे दिले की नुसतं बघून पुढे गेलो, याचा त्या कागदाला पत्ता नसतो. इनपुटचं काम करतो आपल्या मोबाइलचा कॅमेरा आणि पिन टाकताना स्क्रीनवर टेकणारं बोट टिपणारी काच. डब्याच्या पोटात मात्र सिमकार्ड असतं. पैसे जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाइल नेटवर्कने डब्यापर्यंत येतो आणि मग डबा बोलतो. आपला मोबाइल आणि तो डबा हातभर अंतरावर असले तरी त्यांचं एकमेकांशी थेट काहीही बोलणं होत नाही. म्हणूनच रात्री कुणी लबाडाने दुकानदाराच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवला, तर गिऱ्हाइकाचा मोबाइल 'पेमेंट झालं' असं हिरव्या अक्षरांत दाखवतो आणि डबा गप्प बसतो. डब्यात काही बिघाड नसतो. पैसे दुसऱ्याच खात्यात गेले, म्हणून याच्याकडे निरोपच आलेला नसतो. गर्दीच्या वेळी मोबाइलच्या स्क्रीनपेक्षा डब्याच्या आवाजावर विश्वास ठेवणारे दुकानदार शहाणेच म्हणायचे.

माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शाळेतली मुलंही येतात आणि पेन्शनर आजोबाही. मुलांना एक यादी पाठ असते: कीबोर्ड, माउस, स्कॅनर, माइक म्हणजे इनपुट, मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर म्हणजे आउटपुट. यादी चुकीची नाही, पण ती पहिल्या मोबाइलपाशीच अडखळते, कारण मोबाइल त्या यादीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या एका मुलाने तर मला विचारलं, "काकू, प्रिंटरमध्ये कागद आत जातो. मग तो इनपुट का नाही?"

प्रश्न झकास आहे. यादी पाठ केलेल्याला हा प्रश्न पडत नाही, विचार करणाऱ्याला पडतो.

उंबरठा कुणाचा?

कॉम्प्युटरला एक उंबरठा आहे असं समजा आणि त्या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे कॉम्प्युटरच्या घरात उभे राहा. आता फक्त माहिती मोजायची. बाहेरून आत आली ती इनपुट, आतून बाहेर गेली ती आउटपुट. कागद, शाई, वीज, पंख्यातून जाणारी धूळ, हेही सगळं आत जातं, पण तो या हिशेबातला माल नाही. प्रिंटरमध्ये कोरा कागद जातो तेव्हा कॉम्प्युटरला नवं काहीच कळत नाही. अक्षरं उमटलेला कागद बाहेर पडतो तेव्हा मात्र कॉम्प्युटरकडे असलेली माहिती उंबरठा ओलांडून आपल्या हातात येते. म्हणून प्रिंटर आउटपुट.

दुसरा गोंधळ उभं राहण्याच्या जागेचा. मॉनिटर बघून माहिती आपल्या डोक्यात 'आत' येते, मग तो इनपुट का नको? आपल्यासाठी तो इनपुटच आहे. पण ही नावं आपल्या बाजूने ठेवलेली नाहीत, कॉम्प्युटरच्या बाजूने ठेवली आहेत. आपण बोलतो ते माइकसाठी आत जाणारं, स्पीकर बोलतो ते बाहेर येणारं. कुणाच्या घरात उभं राहायचं हे एकदा ठरलं की नव्वद टक्के भांडण मिटतं. उरलेल्या दहा टक्क्यांतच खरी मजा आहे.

आणि हो, इनपुटला माणसाचा हात लागायलाच हवा असंही नाही. स्वच्छतेत 2017 पासून नंबर लावणाऱ्या आपल्या इंदूरची सकाळची कचरागाडीच घ्या. गाणं वाजवत येते तो भोंगा आउटपुट. गाडी कुठल्या गल्लीत आहे हे ओळखणारं जीपीएस मात्र इनपुट. जीपीएसचं यंत्र उपग्रहांकडून येणारे संदेश नुसतं ऐकतं आणि त्यांच्या वेळेतल्या फरकावरून आपली जागा काढतं. उपग्रहाला आपली गाडी दिसत नसते. ती जागा कंट्रोल रूमला कळवायचं काम सिमकार्डचं. चालकाने यासाठी एकही बटण दाबलेलं नसतं.

एका 'क'चा प्रवास

कीबोर्डवर 'क' दाबला आणि स्क्रीनवर 'क' उमटला, की आपल्याला वाटतं कीबोर्डने स्क्रीनवर लिहिलं. टाइपरायटरमध्ये खरंच तसं होतं, कळ दाबली की दांडी उठून कागदावर आपटायची. कॉम्प्युटरमध्ये कीबोर्ड आणि स्क्रीन यांची ओळखदेखील नाही. दोघांच्या मध्ये संपूर्ण कॉम्प्युटर बसलेला आहे. हे समजलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात, म्हणून इथे जरा थांबू.

कीबोर्डच्या कळांखाली आडव्या आणि उभ्या रेघांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना जोडली जाते. कीबोर्डमधली एक छोटी चिप ही जाळी सतत तपासत असते आणि कुठे जोड झाला ते शोधते. कळेचा संपर्क पहिल्या काही मिलिसेकंदांत थरथरतो, जुळतो-सुटतो-जुळतो. चिपने प्रत्येक थरथर मोजली तर एका दाबात 'ककक' पडेल, म्हणून ती क्षणभर थांबून मगच कळ दाबली गेली असं मानते. जुना कीबोर्ड एका दाबात दोन अक्षरं टाकायला लागतो, तेव्हा बहुधा संपर्क इतके झिजलेले असतात की हे थांबणंही पुरत नाही.

इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळांच्या मांडणीत 'क' हा इंग्रजी 'के'च्या कळेवर असतो. ती कळ दाबल्यावर यूएसबी कीबोर्ड कॉम्प्युटरला कुठलं अक्षर पाठवतो? कुठलंच नाही. तो पाठवतो 14 हा आकडा, म्हणजे 'माझी 14 क्रमांकाची कळ दाबली गेली' इतकंच. तेही तो आपणहून ओरडून सांगत नाही. यूएसबीमध्ये कॉम्प्युटरच विचारत असतो, 'काही आहे का? काही आहे का?', साध्या कीबोर्डला सेकंदाला सुमारे 125 वेळा. विचारलं की कीबोर्ड उत्तर देतो.

आता आत बसलेली विंडोज बघते की भाषा कुठली निवडली आहे. इंग्रजी असेल तर त्या 14 चा अर्थ छोटा 'के', ज्याचा अक्षरक्रमांक 107. देवनागरी इनस्क्रिप्ट असेल तर त्याच 14 चा अर्थ 'क', ज्याचा युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला, क्रमांक 2325. बाजारात 'मराठी कीबोर्ड आहे का भिया?' असं विचारणारे लोक असतात. कळांवर मराठी अक्षरं छापलेला कीबोर्ड मिळतोही, पण आतून तो इतरांसारखाच 14 पाठवणारा. कीबोर्डला मराठीही येत नाही आणि इंग्रजीही. त्याला फक्त आपल्या कळांचे नंबर ठाऊक असतात.

2325 हा आकडा फाइलमध्ये साठवला गेला. स्क्रीनवर काढायची वेळ आली की फॉन्टकडे विचारणा होते, 'याचा आकार कसा?' आणि त्या आकारानुसार स्क्रीनवरचे ठिपके काळे होतात. म्हणजे दाबलेली कळ, साठवलेला आकडा आणि दिसणारा आकार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्य प्रदेशात टायपिंग करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागू नये, कारण कृतिदेव या जुन्या फॉन्टने हा धडा सगळ्यांना रडवून शिकवला आहे. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, बी, एच. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. तीच फाइल व्हॉट्सॲपवरून मोबाइलवर गेली, तिथे तो फॉन्ट नाही, की अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसतो. लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस कसला, इनपुट ठीक होतं, साठवण फसवी होती आणि आउटपुटचा मुखवटा घरी राहिला. भंवरकुआँच्या क्लासेसमध्ये टायपिंगच्या सीपीसीटी परीक्षेची तयारी करणारी मुलं टाइपरायटरच्या काळातल्या रेमिंग्टन मांडणीची सवय मोडवत नाही म्हणून इनस्क्रिप्टला नाकं मुरडतात. माझं त्यांना सांगणं एवढंच, की बोटांची सवय रेमिंग्टनची ठेवा हवं तर, पण साठवण युनिकोडचीच ठेवा. दोन्ही एकत्र जमतं, कारण कळांची मांडणी ही उंबरठ्यावरची गोष्ट आहे आणि युनिकोड ही घरातली.

कीबोर्ड आणि स्क्रीन यांची ओळख नसते याचा रोजचा पुरावा म्हणजे पासवर्ड. आपण अक्षरं दाबतो, स्क्रीनवर ठिपके उमटतात. इनपुट नेहमीसारखंच पूर्ण आत गेलेलं असतं, बाहेर काय दाखवायचं हे मधल्याने ठरवलं. एटीएममध्ये पिनच्या जागी फुल्या दिसतात तेही तसंच. उलट, कधी कधी आपण दहा अक्षरं दाबतो आणि स्क्रीन ढिम्म. मग एकदम दहाच्या दहा अक्षरं धावत येतात. अशा वेळी 'कीबोर्ड स्लो झाला' म्हणून नवा कीबोर्ड आणणारी मंडळी मी पाहिली आहेत. अक्षरं हरवली नाहीत, क्रमही बिघडला नाही, म्हणजे कीबोर्डने आपलं काम चोख केलं होतं. दम लागला होता तो मधल्या कॉम्प्युटरला.

कॅप्सलॉकचा दिवा

आता एक छोटा प्रयोग. कीबोर्डवरची कॅप्सलॉक दाबा. कोपऱ्यात एक दिवा लागतो. हा दिवा कुणी लावला?

कीबोर्डने नाही. कळ दाबल्याचा निरोप आत गेला, कॉम्प्युटरने 'आता मोठी अक्षरं' अशी नोंद केली आणि मग त्याने कीबोर्डला उलट हुकूम सोडला, 'दिवा लाव'. म्हणजे यादीत पहिल्या क्रमांकाचं इनपुट उपकरण म्हणून मिरवणाऱ्या कीबोर्डच्या अंगावर एक इवलंसं आउटपुट उपकरण बसलेलं आहे. याचा उपयोगही आहे. कॉम्प्युटर अडकला, माउस हलेना, तर कॅप्सलॉक दोन-तीनदा दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे आत कुणीतरी जागं आहे, एखादा प्रोग्राम अडकला असेल किंवा पडद्याचा घोटाळा असेल, थोडी वाट बघा. दिवा हलायलाच तयार नसेल आणि कीबोर्डची वायर नीट बसलेली असेल, तर बहुधा कॉम्प्युटरच गार पडलाय. पॉवरचं बटण धरून बंद करण्यावाचून इलाज नाही.

मॉनिटरही असाच. तो पक्का आउटपुट, पण वायर जोडल्या-जोडल्या तो कॉम्प्युटरला आपलं नाव आणि किती ठिपके दाखवू शकतो ते कळवतो. प्रिंटर 'कागद अडकला', 'शाई संपत आली' असं सांगतो. तेव्हा वायरमधून माहिती दोन्हीकडे जातेच. मग भेद कशावर करायचा? मुख्य काम कुठल्या दिशेने आहे त्यावर. आणि त्याहून चांगलं म्हणजे डब्याला नाव न देता डब्यातल्या भागाला नाव द्यायचं. 'कीबोर्ड इनपुट आहे' यापेक्षा 'कळा इनपुट, दिवा आउटपुट' हे जास्त खरं.

दोन्ही दिशांच्या वाहतुकीत फरकही प्रचंड आहे. चांगला टायपिस्ट मिनिटाला तीस शब्द टाइप करतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन अक्षरं आत. त्याच वेळी नेहमीच्या मॉनिटरवर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात आणि ते सेकंदाला 60 वेळा नव्याने काढले जातात. सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके बाहेर. आपण चिमूटभर देतो आणि घमेलंभर घेतो. कॅमेरा लागला की मात्र आत येणाऱ्या बाजूलाही पूर येतो, म्हणूनच व्हिडिओ कॉलवर जुना लॅपटॉप तापतो.

माउस, बोट, अंगठा

माउसचा जनक डग्लस एंगलबार्ट. पहिला माउस 1964 च्या सुमाराचा, लाकडी ठोकळा आणि खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. तो प्रत्यक्ष बनवला बिल इंग्लिश यांनी. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो लोकांपुढे चालवून दाखवला. आजच्या माउसखाली लाल उजेड दिसतो तिथे एक पिटुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि मागचा फोटो पुढच्याशी ताडून 'इतकं डावीकडे, इतकं वर' असं सांगतो. काचेच्या टेबलावर माउस बिथरतो तो याचसाठी, ताडून बघायला खुणाच दिसत नाहीत. वर्तमानपत्राची घडी खाली घाला, काम भागतं.

माउस 'किती सरकलो' एवढंच सांगतो, 'कुठे आहे' ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही. टचस्क्रीन याच्या उलट. तिथे नेमकी जागाच कळवली जाते.

टचस्क्रीन म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तू. खाली ठिपक्यांचा पडदा, तो आउटपुट. वर पारदर्शक विद्युतवाहक रेघांची जाळी, ती इनपुट. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो आणि जाळी तो बदल ओळखते. प्लॅस्टिकची पट्टी टेकवून काही होत नाही. रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघताना अंगावर पाणी उडतं आणि मोबाइल आपोआप कुणालाही फोन लावायला लागतो, कारण पाण्याचे थेंबही जाळीत गडबड करतात आणि तिला ती बोटं वाटतात. मोबाइल पडून काच फुटली की हे दोन थर वेगळे असल्याचं स्पष्ट दिसतं. कधी चित्र नीट दिसतं पण टच चालत नाही, कधी टच चालतो, रिंग वाजल्यावर अंदाजाने फोन उचलताही येतो, पण पडदा काळा. जेलरोडवर दुरुस्तीला द्याल तेव्हा 'मोबाइल खराब' न म्हणता यातलं काय बंद आहे ते सांगा. बऱ्याच मोबाइलमध्ये हे थर आता एकत्रच चिकटवलेले असल्याने बदलावं सगळंच लागतं, ही वेगळी गोष्ट.

नोव्हेंबर आला की माझ्याकडे हयातीच्या दाखल्यासाठी आजी-आजोबांची रीघ लागते. पूर्वी त्यांना बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' हे दाखवावं लागे, 2014 पासून आधारवर आधारलेला डिजिटल दाखला निघतो. अंगठ्याचं यंत्र साधं आहे. काचेखालून प्रकाश पडतो, बोटावरच्या ज्या रेघा काचेला टेकतात त्या वेगळ्या दिसतात, खोलगट भाग वेगळा, आणि आतला कॅमेरा ते चित्र टिपतो. पण सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर भांडी घासलेल्या आजींच्या बोटावर रेघा उरल्यात कुठे? त्वचाही कोरडी, काचेला नीट टेकत नाही. यंत्र आपलं 'पुन्हा प्रयत्न करा'. बोटांना जरा क्रीम चोळून, काच पुसून कधी जमतं, कधी नाही. "अगं, मी समोर बसलेय की जिवंत!" असं एक आजी यंत्राला म्हणाल्या, तेव्हा सगळी रांग हसली. आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही हा दाखला मिळतो. ओळख तीच, उंबरठ्यावरचा दरवाजा दुसरा. एक दार अडलं तर दुसरं ठेवणं ही सोय करणाऱ्यांना शंभर गुण.

बाहेर जाणाऱ्या बाजूलाही अशी दुसरी दारं लागतात. न दिसणारी मुलं मॉनिटर बंद ठेवूनही कॉम्प्युटर सफाईने वापरतात. एनव्हीडीएसारखा मोफत प्रोग्राम स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतो. ब्रेल डिस्प्लेवर तोच मजकूर बारीक टाचण्या वर-खाली होऊन बोटांखाली येतो. पण हा प्रोग्राम आकार बघत नाही, साठवलेले आकडे वाचतो. म्हणून युनिकोडमधलं मराठी तो घडाघडा वाचतो आणि कृतिदेवमधल्या अर्जावर काहीतरी इंग्रजी बरळतो. एका फॉन्टच्या हट्टापायी आपण किती जणांच्या तोंडावर दार लावतो, याचा विचार सरकारी कचेऱ्यांनी करायला हवा.

कागदावर उमटणारं

प्रिंटरचे तीन प्रकार बघू. देवास नाक्यावरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात अजून डॉट मॅट्रिक्स करकरत असतो. तो जुनाट म्हणून नाही, तर त्याच्या टाचण्या कागदावर खरोखर आपटतात म्हणून. कार्बन घालून बिल्टीच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या, तीन प्रती एका दमात निघतात, ते काम कागदावर न आपटणाऱ्या प्रिंटरला जमत नाही. लेझर म्हटलं की इंदूरकराला 1984 साली पाया घातलेलं, कॅट म्हणून ओळखलं जाणारं लेझर संशोधन केंद्र आठवतं. प्रिंटरमधला लेझर त्यामानाने अगदी गरीब. तो कागदाला स्पर्शही करत नाही, एका फिरत्या नळकांड्यावर विद्युतभाराने अक्षरं कोरतो, त्याला काळी पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि गरम रुळाखाली वितळून पक्की होते. कागद ऊन ऊन बाहेर येतो तो यामुळे.

आणि तिसरा, मॉलच्या बिलांचा थर्मल प्रिंटर. त्यात शाईच नसते. कागदावरच रसायनाचा लेप असतो, उष्णता लागली की तो काळा पडतो. खिशातलं एखादं बिल काढा आणि त्यावर नखाने जोरात ओरखडा ओढा, घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उठेल. मे महिन्यात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेलं बिल म्हणून काळवंडतं, आणि नुसतं कपाटात ठेवलेलंही काही महिन्यांत पुसट होतं. फ्रिजच्या वॉरंटीचं बिल थर्मल कागदावर असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढून ठेवा.

स्पीकर आणि माइकबद्दल फार सांगायला नको, ते सख्खे भाऊ. माइकमध्ये आवाजाने पडदा हलतो आणि त्यातून वीज निर्माण होते, स्पीकरमध्ये विजेने पडदा हलतो आणि आवाज निर्माण होतो. जुना वायरचा इअरफोन माइकच्या खाचेत खुपसून त्यात बोललात तर बारीकसा आवाज खरंच टिपला जातो.

मतदान यंत्र

इनपुट-आउटपुट इतकं नीट वेगळं करून मांडलेलं यंत्र दुसरं क्वचितच सापडेल. मतदाराच्या पुढ्यात असतं ते बॅलट युनिट. निळं बटण दाबलं, मत आत गेलं. त्याची पोच तीन वाटांनी बाहेर येते: बटणाशेजारचा लाल दिवा, कंट्रोल युनिटची लांब शिट्टी आणि व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी, जी मग आपोआप तुटून पेटीत पडते. व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरलं गेलं 2013 साली, नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत.

त्याआधी दिवा लागत होता, शिट्टीही वाजत होती. मग चिठ्ठी कशाला? कारण दिवा आणि शिट्टी 'काहीतरी आत आलं' एवढंच सांगतात, 'काय आलं' ते सांगत नाहीत. चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं, म्हणजे आपण आत पाठवलेली गोष्ट यंत्राला काय समजली हे तिथल्या तिथे पडताळता येतं. फॉर्म भरून झाल्यावर मी प्रत्येकाला 'प्रिव्ह्यू नीट वाचा' म्हणते तेही याच कारणासाठी. नोटाचं, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं, बटणही या यंत्रांवर 2013 मध्येच आलं, आणि 2024 च्या लोकसभेला एकट्या इंदूर मतदारसंघात ते 2 लाख 18 हजारांहून जास्त वेळा दाबलं गेलं. यंत्राच्या दृष्टीने तेही इतर बटणांसारखंच एक इनपुट.

राहिला पेन ड्राइव्ह. त्यातून फाइल आत येते, त्यात फाइल बाहेर जाते, मग तो काय? कॉम्प्युटर ज्याच्याशी बोलतो ते दोन जातींचं असतं. एक, बाहेरचं जग: माणूस, आवाज, उजेड, कागद. दुसरं, स्वतःचीच आठवण. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क दुसऱ्या जातीतले, त्यांना साठवणीची उपकरणं म्हणणं चांगलं. मोडेम, वायफाय आणि टचस्क्रीन ही दोन्ही दिशांची, त्यांना बिनधास्त 'इनपुट-आउटपुट दोन्ही' म्हणा. काही पुस्तकं पेन ड्राइव्हलाही 'दोन्ही'च्या रकान्यात टाकतात. त्या सहावीतल्या मुलाला मी सांगून ठेवलंय, की पेपरात बाईंनी वहीत दिलंय तेच लिही, आणि कॅप्सलॉकचा दिवा पेपर संपल्यावर बाईंना दाखव.